बर्बेरिनची जैविक क्रिया तपासायची आहे? आधी त्याचा पिवळा रंग ओळखून घ्या

दारुहळदीतल्या बर्बेरिन या पिवळ्या संयुगावरच्या माझ्या पहिल्याच पेशी-प्रयोगात आलेख छान खाली उतरत गेला आणि शेवटच्या दोन मात्रांना अचानक वर चढला. मात्रा वाढली तर पेशी जास्त मरायला हव्या, इथे त्या जणू जिवंत होऊन परतल्या होत्या. मी त्याला 'दोन टप्प्यांची क्रिया' असं भारदस्त नाव देऊन आठवडाभर खुशीत होतो. मग एका वरिष्ठांनी विचारलं, "प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीस का?" पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा त्या वेल्समध्ये (प्लेटच्या खळग्यांमध्ये) बहुतेक पेशी गोल होऊन तरंगत होत्या. मी एक्सटीटी चाचणी लावली होती, म्हणजे जिवंत पेशी जो रंग तयार करतात तो मोजणारी. तिचा रंग ४५० नॅनोमीटरला मोजतात. बर्बेरिन ४२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि त्या शोषणाची शेपटी ४५० च्या पुढे जाते. रीडरने इमानेइतबारे पिवळा रंग मोजला होता. तो कुणाचा, हे सांगणं त्याचं काम नव्हतं.

म्हणून हा लेख 'बर्बेरिनचे गुणधर्म' सांगण्यासाठी नाही. वनस्पतिजन्य अल्कलॉइडवर (नायट्रोजन असलेल्या अशा संयुगावर) पहिल्यांदा काम करणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावं आणि कुठे थांबून शंका घ्यावी, ते सांगण्यासाठी आहे. बर्बेरिन निवडलं कारण ते सहज मिळतं, त्यावर भरपूर काम झालंय, आणि फसवण्याच्या जवळजवळ सगळ्या युक्त्या या एकाच रेणूला येतात.

पहिली पायरी: रेणूची ओळख

बर्बेरिन दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांच्या मुळांत आणि सालीत असतं. बर्बेरिस अरिस्टाटा हे त्यातलं आपल्याला ओळखीचं नाव. कॉप्टिस चायनेन्सिस आणि हायड्रास्टिस कॅनाडेन्सिस यांच्या मुळांतही ते भरपूर असतं. गुळवेलीत असतं, पण फार थोडं. नावात हळद असली तरी हळदीच्या पिवळेपणाशी त्याचं काही नातं नाही. हळदीतलं कर्क्युमिन हे अल्कलॉइडच नव्हे, त्यात नायट्रोजन नसतो.

बहुतेक अल्कलॉइड आम्लात क्षार बनतात आणि अल्कधर्मी द्रावणात मुक्त आम्लारी होऊन क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात उतरतात. अभ्यासक्रमात अल्कलॉइड वेगळं काढण्याची जी आम्ल-आम्लारी पद्धत शिकवतात, ती याच गुणावर उभी आहे. बर्बेरिनला ती सरळ लागू पडत नाही. त्याच्या नायट्रोजनला चार बंध आहेत आणि त्यावर कायमचा धनभार आहे. पीएच बदलला म्हणून तो भार उतरत नाही. त्यामुळे बर्बेरिन पाण्याच्या थरातच राहतं आणि नवखा माणूस क्लोरोफॉर्मचा थर आटवून 'काहीच मिळालं नाही' म्हणतो.

हा धनभार नीट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच भेटणार आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या आतली बाजू ऋणभारित असते, म्हणून बर्बेरिन तिथे ओढलं जाऊन साठतं. डीएनएही ऋणभारित, म्हणून तिथेही चिकटतं. जिवाणूंचे आणि आपल्या पेशींचे पंप असे धनभारित रेणू बाहेर फेकतात, म्हणून ते पेशीत टिकतही नाही. आणि आगरमध्ये (जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमात) असे रेणू नीट पसरत नाहीत, ते का महत्त्वाचं ते जिवाणूंच्या भागात येईल.

दुसरी पायरी: बाटली की वनस्पती?

आधी बाटली. शुद्ध, विश्लेषणाचं प्रमाणपत्र असलेलं बर्बेरिन क्लोराइड घ्या आणि सगळ्या चाचण्या त्यावर बसवा. वनस्पतीचा अर्क नंतर. उत्साहाच्या भरात लोक उलटं करतात आणि मग अर्काचा परिणाम बर्बेरिनचा की त्याच्या सोबत्यांचा, या प्रश्नावर अडकतात. दारुहळदीच्या अर्कात पाल्मॅटिन आणि जॅट्रोऱ्हायझिन हे त्याचे जवळचे नातेवाईक असतात, तेही पिवळे.

अर्कच करायचा असेल तर वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून घ्या आणि नमुना हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक घ्या. मुळाची किंवा सालीची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवणं हा सोपा मार्ग. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: सौम्य सल्फ्युरिक आम्लात अर्क काढायचा, गाळायचा आणि त्यात मीठ घालायचं. सल्फेटच्या रूपात विरघळलेलं बर्बेरिन क्लोराइडच्या गर्दीत क्लोराइड होऊन पिवळ्या साक्याच्या रूपात खाली बसतं. हे दृश्य एकदा डोळ्यांनी बघाच, कारण पुढे पीबीएसमध्ये (पेशींसाठी वापरतात त्या खारट बफरमध्ये) हेच नकळत घडणार आहे.

ड्रॅगेनडॉर्फच्या अभिकर्मकाने नारिंगी साका आला म्हणजे अल्कलॉइड असावं, इतकंच. अल्कलॉइड नसलेली काही संयुगंही हा साका देतात. त्यामुळे तेवढ्यावर 'अल्कलॉइड आढळलं' असं लिहू नका. मेयरच्या अभिकर्मकात पारा असतो, तो बेसिनमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत जमा करायचा.

पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत बर्बेरिन खूप सोपं काम करून ठेवतं. ब्युटेनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात प्लेट चालवा, शेजारी शुद्ध बर्बेरिनचा ठिपका ठेवा आणि ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरा. ठसठशीत पिवळा चमकणारा ठिपका दिसतो, फवारणीचीही गरज नाही. प्रमाण किती, हे मात्र एचपीएलसीवरच (घटक वेगळे करून मोजणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर) ठरवा. एक सूचना: अल्कधर्मी द्रावणात बर्बेरिन असताना ॲसिटोन जवळ आणू नका. दोघांची जोडी जमते, वेगळंच संयुग तयार होतं, आणि मग एचपीएलसीवरचा नवा शोध साजरा करायची वेळ येते.

तिसरी पायरी: स्टॉक, म्हणजे मूळचं तीव्र द्रावण

इथे घाई करणाऱ्याचं सगळं पुढचं काम वाकडं जातं, म्हणून जरा सविस्तर.

निर्जल बर्बेरिन क्लोराइडचा रेणुभार ३७१.८. म्हणजे १० मिलिमोलर द्रावणाच्या १ मिलिलिटरला ३.७२ मिलिग्रॅम लागतं. पण बाटलीवर बारीक अक्षरात 'डायहायड्रेट' लिहिलेलं असेल तर रेणुभार ४०७.८ होतो आणि तेवढ्याच द्रावणाला ४.०८ मिलिग्रॅम लागतं. ही ओळ वाचायची राहिली तर तुमची प्रत्येक मात्रा जवळपास ९ टक्क्यांनी कमी. आणि तुम्हाला कधी कळणारही नाही, कारण सगळे आकडे एकाच दिशेने सारखेच चुकतात.

तीन-चार मिलिग्रॅम नेमके तोलण्याची हौस करू नका. साधारण १० मिलिग्रॅम घ्या, तराजूने दाखवलेला आकडा जसाच्या तसा वहीत लिहा आणि द्रावक त्या हिशेबाने घाला. नेमकं १० मिलिग्रॅम निर्जल क्लोराइड आलं तर २.६९ मिलिलिटर डीएमएसओ (पाण्यात मिसळणारा सेंद्रिय द्रावक), म्हणजे १० मिलिमोलर.

आता स्टॉक तपासा. ही पायरी मी जवळजवळ कुणालाच करताना पाहत नाही, आणि तिला पाच मिनिटं लागतात. पाण्यात बर्बेरिनचं ३४५ नॅनोमीटरचं मोलर शोषण (१ मोलर द्रावणाचं १ सेंटिमीटर वाटेतलं शोषण) २२,५०० धरतात. तुमचा १० मिलिमोलर स्टॉक पाण्यात ५०० पट पातळ करा, २० मायक्रोमोलर होईल. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये रीडिंग ०.४५ च्या आसपास यायला हवं. ०.३० आलं तर एकतर तोलण्यात चूक आहे, नाहीतर तळाशी न विरघळलेली भुकटी आहे. दर महिन्याला, आणि गोठवलेली नवी नळी उघडताना, हे रीडिंग घ्या. स्टॉक लहान लहान नळ्यांत वाटून, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, उणे २० अंशांवर ठेवा. बर्बेरिनला प्रकाश भावत नाही.

विरघळण्याबद्दल: थंड पाण्यात बर्बेरिन क्लोराइड जेमतेम विरघळतं, गरम पाण्यात बरं. पीबीएसमध्ये पाण्याहूनही कमी, कारण पीबीएसमध्ये आधीच भरपूर क्लोराइड असतं. मघाशी मीठ टाकून साका पाडला होता ना, तेच. म्हणून स्टॉक पीबीएसमध्ये करू नका. डीएमएसओचा स्टॉक मीडियममध्ये (पेशी वाढतात त्या पोषक द्रवात) टाकतानाही एकदम सगळा न टाकता ढवळत टाका, आणि सर्वांत जास्त मात्रेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. बारीक पिवळ्या सुया दिसल्या तर ती मात्रा रद्द. त्या सुयांच्या संगतीत मेलेल्या पेशी तुमच्या रेणूबद्दल काहीच सांगत नाहीत.

चौथी पायरी: किती मात्रा, आणि का

प्रकाशित कामात बर्बेरिन बहुधा १ ते १०० मायक्रोमोलरच्या दरम्यान वापरलेलं दिसतं. १० मिलिमोलरच्या स्टॉकमधून डीएमएसओ ०.१ टक्का ठेवलं तर १० मायक्रोमोलरपर्यंतच जाता येतं. १०० मायक्रोमोलरला डीएमएसओ १ टक्का होतं आणि बऱ्याच पेशींना तेवढं सोसत नाही. याचा हिशेब आधी करा. प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओचं प्रमाण सारखंच हवं, अगदी शून्य मात्रेच्या वेलमध्येही. कमी मात्रेला कमी डीएमएसओ, जास्तीला जास्त, असं ठेवलं तर तुम्ही दोन औषधांचा प्रयोग करताय.

आता एक गोष्ट जी माहीत असून सोयीस्करपणे विसरली जाते. तोंडावाटे घेतलेल्या बर्बेरिनचा फार थोडा भाग रक्तात पोहोचतो. उंदरांतल्या अभ्यासांत हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आलं आहे. आतड्यातले पंप ते परत बाहेर ढकलतात आणि बरंचसं वाटेतच बदलतं. आतड्यातले जिवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरिन करतात, ते जास्त सहज शोषलं जातं आणि आत गेल्यावर पुन्हा बर्बेरिन होतं. माणसाच्या रक्तातली पातळी नॅनोमोलरच्या घरात राहते. यकृतासारख्या अवयवांत रक्तापेक्षा जास्त साठतं, हे खरं. तरीही ५० मायक्रोमोलरला दिसलेला परिणाम म्हणजे रक्तातल्या पातळीच्या हजारो पट मात्रेचा परिणाम आहे. प्रयोग करायला हरकत नाही, फक्त मात्रांच्या यादीत ०.१ आणि १ मायक्रोमोलर असू द्या. तिथे काही दिसलं तर ते जास्त मोलाचं.

पाचवी पायरी: जिवाणूंवरची चाचणी

नवख्यांना इथे डिस्कची चाचणी (आगरवर औषधाची चकती ठेवून भोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मोजायची) खुणावते, कारण वर्तुळं छान दिसतात, फोटो चांगला येतो. बर्बेरिनसाठी ती वापरू नका. धनभारित रेणू आगरला धरून राहतो आणि नीट पसरत नाही. वर्तुळ लहान आलं म्हणजे क्रिया कमी, असं म्हणताच येत नाही. आणि दोन वेगळ्या संयुगांच्या वर्तुळांची तुलना तर मुळीच नको.

द्रव माध्यमातली पातळीकरणाची पद्धत लावा. म्युलर-हिंटन ब्रॉथ, ९६ वेलची प्लेट, प्रत्येक पुढच्या वेलला मात्रा निम्मी. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडला (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाला) आणा, ते १५० पट पातळ करा आणि वेलमधल्या ५० मायक्रोलिटर औषधात ५० मायक्रोलिटर घाला. म्हणजे वेलमध्ये मिलिलिटरला साधारण ५ लाख जिवाणू होतात. निम्मं पातळ होणार हे धरून औषध दुप्पट तीव्रतेचं करायला विसरू नका. ३५ अंशांवर १६ ते २० तास. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ दिसत नाही, ती तुमची एमआयसी. सोबत स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित जातींवर एखादं माहितीचं प्रतिजैविक लावा. त्याची एमआयसी ठरलेल्या मर्यादेत आली नाही तर त्या दिवसाची सगळी प्लेट बाद.

बर्बेरिनसाठी आणखी एक रांग राखून ठेवा: जिवाणूंशिवाय फक्त ब्रॉथ आणि बर्बेरिन. मिलिलिटरला २५६ मायक्रोग्रॅम म्हणजे जवळपास ६९० मायक्रोमोलर. एवढ्या मात्रेला ब्रॉथमध्ये साका पडू शकतो आणि गढूळपणा वाढीसारखा दिसतो. रेझाझुरिन (जिवंत जिवाणू ज्याला निळ्याचं गुलाबी करतात तो रंग) टाकून रंगावरून ठरवायचं असेल तर तेही या रांगेत टाका. निळ्या रेझाझुरिनमध्ये पिवळं बर्बेरिन मिसळलं की हिरवट दिसतं, आणि तो रंग निळ्यात धरायचा की गुलाबीच्या वाटेवर, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. ती रांग बघून ठरवा, वाद मिटतो.

आकडे मोठे आले तर निराश होऊ नका. एकट्या बर्बेरिनची जिवाणूरोधक ताकद बेताचीच आहे, ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर तर आणखी कमी. त्यामागची गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. स्टॅफिलोकॉकसकडे नॉर-ए नावाचा पंप असतो, तो बर्बेरिन आत आलं की बाहेर फेकतो. २००० साली स्टर्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बर्बेरिन बनवणारी काही झुडपंच ५'-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन नावाचं दुसरं संयुगही बनवतात. त्या संयुगात स्वतःची मारक ताकद जवळजवळ नाही, पण ते हा पंप अडवतं आणि मग बर्बेरिन काम करू लागतं. झाडाने कुलूप आणि किल्ली दोन्ही शेजारी शेजारी ठेवली होती. आपण शुद्धीकरणाच्या नादात किल्ली टाकून दिली.

असा संयोग तपासायचा तर चेकरबोर्ड लावा: एका दिशेने बर्बेरिन निम्मं निम्मं, दुसऱ्या दिशेने पंपरोधक. दोघांच्या एफआयसींची (संयोगातली एमआयसी भागिले एकट्याची एमआयसी) बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली तरच 'सिनर्जी' हा शब्द वापरा. ०.५ ते १ च्या दरम्यान आली की लोक तो शब्द मोहाने वापरतात.

सहावी पायरी: पेशींवरची चाचणी

आता मूळ दुखण्याकडे. बर्बेरिन पेशींच्या चाचणीला दोन बाजूंनी फसवतं: रंगाने आणि मायटोकॉन्ड्रियाने.

रंगाची फसवणूक सोपी, तिच्यावर उपायही सोपा. एक्सटीटी, डब्ल्यूएसटी आणि ४५० नॅनोमीटरला वाचल्या जाणाऱ्या इतर चाचण्या बर्बेरिनच्या वाटेत येतात. प्रत्येक मात्रेसाठी पेशी नसलेली वेल ठेवा, तिच्यात मीडियम, बर्बेरिन आणि अभिकर्मक सगळं घाला, आणि ते रीडिंग वजा करा. एकच ब्लँक सगळ्यांना वजा करून चालत नाही, मात्रा बदलली की ब्लँक बदलतो. एमटीटी ५७० नॅनोमीटरला वाचतात, तिथे बर्बेरिनचं शोषण नगण्य. म्हणून लोक सुटकेचा निःश्वास टाकून एमटीटी लावतात. तिथे दुसरी फसवणूक दबा धरून बसलेली असते.

एमटीटी पेशी मोजत नाही. पेशीतल्या चयापचयाने एमटीटीचं जांभळं फॉरमझॅन किती केलं, ते मोजते. बर्बेरिन मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या पहिल्या संकुलाला अडवतं. म्हणजे चयापचयावरच हात ठेवतं. पेशी जिवंत आहे, तळाला चिकटलेली आहे, फक्त मंदावली आहे, आणि रीडिंग ६० टक्के. हे ६० टक्के म्हणजे ४० टक्के पेशी मेल्या असं नव्हे. शिवाय बर्बेरिन अनेक पेशींचं विभाजन थांबवतं. कंट्रोल पेशी ४८ तासांत चौपट झाल्या आणि बर्बेरिनच्या वेलमधल्या होत्या तेवढ्याच राहिल्या, तरी टक्केवारी २५ येईल, एकही पेशी न मरता.

मी आता असं करतो. एक जास्तीची प्लेट बर्बेरिन टाकायच्या क्षणीच थांबवतो, ती 'शून्य वेळे'ची. मग शेवटचं रीडिंग तिच्याहून खाली गेलं का ते बघतो. खाली गेलं तरच मृत्यूची भाषा. दुसरं, एमटीटीसोबत चयापचयावर न चालणारी एक चाचणी. सल्फोऱ्होडामिन-बी मला आवडते: पेशी ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने जागेवर बसवायच्या, धुवायच्या, रंगवायच्या, पुन्हा धुवायच्या. ती प्रथिनं मोजते आणि धुण्यात बर्बेरिन निघून जातं. तिसरं, मेलेल्या पेशींना निळं करणारं ट्रिपॅन ब्लू घालून हाताने मोजणी. कंटाळवाणं आहे, पण तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर झोप चांगली लागते.

चौथी युक्ती जरा हुशारीची. भरपूर ग्लुकोज असलेल्या मीडियममध्ये पेशी श्वसन अडलं तरी ग्लायकोलिसिसवर जगतात. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिलं की त्यांना मायटोकॉन्ड्रियावर अवलंबून राहावंच लागतं. दोन्ही मीडियममध्ये तोच प्रयोग करा. गॅलॅक्टोजमध्ये बर्बेरिन बरंच जास्त घातक ठरलं तर परिणाम मायटोकॉन्ड्रियावाटे होतोय याचा तो चांगला पुरावा. रोटेनोन शेजारी कंट्रोल म्हणून ठेवा, ते याच संकुलाला अडवतं.

ग्लायकोलिसिसवरून आठवलं. श्वसन अडलेल्या पेशी लॅक्टिक आम्ल जास्त सोडतात, मीडियम आम्लधर्मी होतं आणि फिनॉल रेड पिवळं पडतं. बर्बेरिनही पिवळंच. त्यामुळे 'मीडियम पिवळं पडलं' या निरीक्षणाला इथे काडीची किंमत नाही. रंग वाचायचाच असेल तर फिनॉल रेड नसलेलं मीडियम घ्या.

पेशींची निवडही बघून करा. पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप जास्त असलेल्या पेशी बर्बेरिन बाहेर फेकतात, त्या कमी संवेदनशील दिसतील. 'कर्करोगाच्या पेशी मारतं, निरोगी पेशींना धक्का लावत नाही' हे वाक्य दोन प्रकारच्या पेशींवरून लिहू नका. तो फरक पंपाचा असू शकतो, वाढीच्या वेगाचाही असू शकतो.

सातवी पायरी: चमकणारे रंग आणि चमकणारा रेणू

पाण्यात बर्बेरिन जेमतेम चमकतं. डीएनएला चिकटलं की हिरवट-पिवळं लख्ख चमकतं. या गुणाचा फायदा असा की रंग न घालताही ते पेशीत कुठे गेलं ते दिसतं. कमी मात्रेला मायटोकॉन्ड्रियात, मात्रा वाढली की केंद्रकातही. तोटा असा की तुमचे बहुतेक आवडते हिरवे रंग याच खिडकीत वाचले जातात.

ऑक्सिडेटिव्ह ताणासाठी डीसीएफ-डीए (ऑक्सिडेशन झालं की हिरवा चमकणारा रंग) लावून हिरवी चमक वाढली आणि 'बर्बेरिनने आरओएस (ऑक्सिजनची प्रतिक्रियाशील रूपं) वाढवले' असं लिहिलं, तर परीक्षकाचा पहिला प्रश्न असायला हवा: डीसीएफ-डीए न टाकता फक्त बर्बेरिन दिलेल्या पेशी मोजल्या का? फ्लो सायटोमेट्रीतही तीच वेगळी नळी ठेवा. अपॉप्टॉसिस (पेशीचा नियोजित मृत्यू) तपासायला ॲनेक्सिन घ्याल तेव्हा हिरव्या एफआयटीसीऐवजी लाल लेसरवर चालणारं एपीसी जोडलेलं घ्या. मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतभार दाखवणाऱ्या जेसी-१ रंगाचा हिरवा भागही याच कारणाने संशयास्पद.

प्रकाशाचं आणखी एक कारण आहे. निळ्या किंवा अतिनील प्रकाशात डीएनएला चिकटलेलं बर्बेरिन सिंगलेट ऑक्सिजन तयार करतं. बर्बेरिन दिलेल्या पेशी तुम्ही सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याखाली वीस मिनिटं न्याहाळत बसलात तर नुकसान कोणी केलं, रेणूने की दिव्याने? एक प्लेट पूर्ण अंधारात ठेवा. हुडचा दिवाही शक्य तेवढा मंद.

आठवी पायरी: 'कसं' हा प्रश्न

परिणाम पक्का झाला की मगच यंत्रणा. बर्बेरिनबाबत दोन वाटा चांगल्या पायवाटा झालेल्या आहेत.

एक, एएमपीके, म्हणजे पेशीतली ऊर्जा कमी पडल्याची दखल घेणारं विकर. पहिलं संकुल अडतं, पेशीत एएमपी वाढतं, एएमपीके जागं होतं. वेस्टर्न ब्लॉटवर (विशिष्ट प्रथिन ओळखायच्या चाचणीत) एएमपीकेचा थ्रिओनिन १७२ आणि त्याचं लक्ष्य असलेल्या एसीसीचा सेरिन ७९, दोन्हींवर लागलेला फॉस्फेट बघा. फक्त पहिला वाढला आणि दुसरा हलला नाही तर गडबड आहे. वेळा अर्ध्या तासापासून सुरू करा. २४ तासांनी एकदाच बघितलं तर गाडी निघून गेलेली असू शकते. एएमपीके अडवणारं कम्पाउंड-सी टाकून परिणाम थांबला म्हणजे एएमपीकेच, असं म्हणू नका. ते इतर अनेक कायनेजनाही अडवतं.

दोन, एलडीएल ग्राहक, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल पेशीत उचलून घेणारं प्रथिन. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात यकृताच्या हेप-जी-२ पेशींत बर्बेरिनने एलडीएल ग्राहकाच्या आरएनएचं आयुष्य वाढवलं असं दिसलं. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधं तोच ग्राहक जनुकाचं लेखन वाढवून आणतात. वाट वेगळी. तुम्हाला हे तपासायचं असेल तर ॲक्टिनोमायसिन-डी देऊन नवं लेखन थांबवा आणि उरलेला आरएनए किती वेळ टिकतो ते क्यूपीसीआरवर मोजा. फक्त आरएनए वाढला एवढंच दाखवलं तर दोन वाटांमधला फरक कळत नाही.

नववी पायरी: आकडे

एका प्लेटमधल्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळे दिवस, वेगळ्या वेळी वाढवलेल्या पेशी, ताजी पातळीकरणं, हे तीन प्रयोग. वेल्सची सरासरी काढून दिवसाचा एक आकडा करा आणि सांख्यिकी त्या दिवसांच्या आकड्यांवर लावा.

आयसी-५० साठी (रीडिंग निम्म्यावर आणणाऱ्या मात्रेसाठी) चार घटकांचा वक्र बसवा. वक्र निम्म्याच्या खाली उतरलाच नसेल तर आयसी-५० देऊ नका, 'तपासलेल्या मात्रांपेक्षा जास्त' असं लिहा. ८० आणि ४०० मायक्रोमोलर अशा दोनच मात्रांमधून रेघ ओढून काढलेला '१८७.३४' हा आकडा मी पाहिला आहे. दशांशाच्या त्या दोन अंकांचं धाडस विसरता येत नाही. प्लेटच्या कडेच्या वेल्समधून पाणी उडतं, तिथे नुसतं पीबीएस भरा.

आणि लिहिताना वाक्य चाचणीच्या मापाचं ठेवा. 'एमटीटीचं क्षपण ४८ तासांत निम्म्यावर आलं' हे तुम्ही पाहिलं. 'कर्करोगावर गुणकारी' हे पाहिलेलं नाही. बर्बेरिन यकृतातली सीवायपी-३ए-४ आणि २-डी-६ ही विकरं अडवतं, म्हणजे इतर औषधांची पातळी बदलू शकतं. नवजात बाळांत ते बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून हुसकावू शकतं. तुमचं वाक्य कुणी घरगुती उपाय म्हणून वाचणार असेल तर ही माहिती त्याच परिच्छेदात असू द्या.

रोजचं शेवटचं काम

काम संपलं की टेबलावरचे दिवे बंद करा आणि ३६५ नॅनोमीटरचा छोटा दिवा, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून, बेंचवरून फिरवा. वाळलेलं बर्बेरिन पिवळं चमकतं, पुसून पाहा. पिपेटचं टोक बघा, त्याच्या आतली नळी बघा, टिपांच्या डब्याची कड बघा, मल्टिचॅनेलच्या शेजारच्या टोकावर काही आलंय का तेही बघा. आमच्याकडे एकदा कंट्रोलच्या पेशी तीन आठवडे मलूल होत्या. मीडियम बदललं, सीरम बदललं, इनक्युबेटर रिकामा करून धुतला. शेवटी या दिव्याखाली २०० मायक्रोलिटरचं पिपेट आतून पिवळं उजळलं.